आधी गच्ची पाहा, मग ट्यूनर घ्या: खानदेशात संगणकावर एचडी टीव्ही

चोपड्याला ताईच्या घरी टीव्ही नाही, संगणक आहे. भाची दहावीला. पीएम ई-विद्याच्या वाहिनीवरचे दहावीचे पाठ साठवून ठेवायचे आणि रात्री निवांत पाहायचे, एवढीच तिची मागणी होती. दाजींना क्रिकेट हवं होतं. गावातलं इंटरनेट संध्याकाळ झाली की रांगायला लागतं, म्हणून मी ऑनलाइन एक यूएसबी ट्यूनर मागवला. खोक्यावर ‘डिजिटल टीव्ही’, ‘फुल एचडी’ असं ठळक छापलेलं, सोबत चुंबकाच्या बुडाचा टीचभर अँटेना. तासभर स्कॅन केलं, खिडकी बदलली, गच्चीवर गेलो. एकही वाहिनी लागली नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते ज्या लहरी शोधत होतं त्या चोपड्यापर्यंत पोचतच नाहीत.

तो ट्यूनर परत गेला आणि दुसरा आला. तो आजही चालतोय. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला उपयोगी पडेल अशी माहिती एका जागी सापडत नाही. ट्यूनरबद्दल लिहिलेलं बरंचसं युरोप-अमेरिकेतल्या प्रक्षेपणाला धरून असतं आणि ते वाचून घेतलेली वस्तू इथे बिनकामाची ठरते.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकं काय येतं?

ट्यूनर म्हणजे एका विशिष्ट पद्धतीचे संकेत पकडणारं यंत्र. पद्धत चुकली तर कितीही महाग ट्यूनर घ्या, पडदा काळाच राहणार. म्हणून दुकानात जाण्याआधी चार वाटा तपासायच्या.

पहिली वाट मनोऱ्यावरून येणाऱ्या प्रक्षेपणाची. पूर्वी बांबूला ॲल्युमिनियमचा अँटेना बांधून दूरदर्शन पाहायचो, ते ॲनालॉग प्रक्षेपण मोजकी ठिकाणं वगळता देशभर बंद झालं. त्याच्या जागी डीव्हीबी-टी२ ही डिजिटल पद्धत आली. २०१६ मध्ये दूरदर्शनने ती १६ शहरांत सुरू केली. त्यांत आपल्याला जवळची म्हणजे औरंगाबाद आणि इंदूर. खानदेशातलं एकही शहर त्या यादीत नव्हतं. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, उत्तरेला सातपुडा. हे डोंगर ओलांडून ते संकेत तापीच्या खोऱ्यात उतरतील ही आशा धरू नका. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त यूएसबी कांड्यांमध्ये आरटीएल२८३२यू ही चिप असते. ती जुन्या डीव्हीबी-टीपुरतीच आहे, टी२ तिला वाचताही येत नाही. म्हणजे अशी कांडी मुंबईतसुद्धा उपयोगाची नाही.

दुसरी वाट केबलची. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल आणि कुलूपबंद झाली. डीव्हीबी-सी, म्हणजे केबलचा ट्यूनर वाहिन्यांची नावं दाखवेल, चित्र उघडणार नाही. ते कुलूप केबलवाल्याच्या सेट-टॉप डब्यातच उघडतं. तिसरी वाट टाटा प्ले, एअरटेल यांसारख्या खासगी डीटीएचची. तिथेही तीच गोष्ट.

उरते चौथी वाट, दूरदर्शनची डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. महिन्याचं भाडं नाही, आणि मुख्य म्हणजे कुलूप नसलेल्या वाहिन्या कोणत्याही योग्य ट्यूनरला खुल्या आहेत. डीडी नॅशनल आणि डीडी न्यूज एचडीत मिळतात. सह्याद्री आहे, शाळेच्या इयत्तांप्रमाणे पीएम ई-विद्याच्या वाहिन्या आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यायचं असा २००७ चा कायदा आहे, त्यामुळे भारताचे बरेच क्रिकेट सामने इथे फुकट दिसतात. दाजींचा प्रश्न तिथेच मिटला.

थोडक्यात, खानदेशात संगणकासाठी ट्यूनर घ्यायचा तर तो उपग्रहाचा, म्हणजे डीव्हीबी-एस२ पद्धतीचाच घ्यावा लागतो. सगळ्या निवडीचं मूळ हे आहे.

दुसरी पायरी: ट्यूनर लागतो का, हे मनाशी ठरवा

शेजारचे काका तारा पाहून म्हणाले, “भो, डबा नई लागस का?” प्रश्न अगदी बरोबर होता. नुसतं पाहायचंच असेल तर फ्री डिशचा एमपीईजी-४ डबा (एचडी वाहिन्या दाखवणारा) घ्या, एचडीएमआय वायरने मॉनिटरला जोडा आणि मोकळे व्हा. ट्यूनरपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. मॉनिटरला स्पीकर नसतील तर डब्याच्या ऑडिओ पिना वेगळ्या स्पीकरला द्या.

वसतिगृहांत पूर्वी मॉनिटरला जोडायचा ‘टीव्ही ट्यूनर बॉक्स’ असायचा, तो मात्र आता कुणी दिला तरी घेऊ नका. त्यात ॲनालॉग केबल किंवा पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनाच लागतात. त्या पिनांतून एचडी जात नाही, समोरचा डबा एचडी असला तरी. जुन्या पीसीआय ट्यूनर कार्डांचीही हीच कथा.

स्टार, सोनी, झी यांच्या सशुल्क एचडी वाहिन्या संगणकावर हव्या असतील तर ट्यूनरचा नाद सोडा. एचडी डब्याचं चित्र कॅप्चर कार्डातून संगणकात घेऊ, असं अनेकांना वाटतं. एचडीएमआयवर एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण असतं आणि ते लागू असेल तर कॅप्चर कार्ड काळा पडदा देतं. त्या वाहिन्यांसाठी त्यांची ॲप हाच सरळ मार्ग.

ट्यूनर खरा उपयोगी पडतो तो तीन कामांना: कार्यक्रम वेळ लावून साठवणं, एका वेळी अनेक वाहिन्या साठवणं, आणि एका डिशवर घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपवर टीव्ही देणं. यांतलं एक जरी हवं असेल तर पुढे वाचा.

तिसरी पायरी: खोक्यावर काय वाचायचं

‘डीव्हीबी-एस२’ हे अक्षरशः छापलेलं हवं. नुसतं ‘डीव्हीबी-एस’ असेल तर घेऊ नका, एचडी वाहिन्या एस२ वर येतात. ‘डीव्हीबी-टी२/सी’ असेल तर तो मनोरा आणि केबलसाठी आहे. हॉपॉजचा विनटीव्ही ड्युअलएचडी ही नावाजलेली चांगली वस्तू आहे, पण ती याच प्रकारची, म्हणून आपल्या कामाची नाही. ‘एटीएससी’ लिहिलेलं असेल तर ते अमेरिकेसाठी.

दुसरी खूण वीजपुरवठ्याची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. डिशच्या तोंडाशी संकेत पकडणारा जो एलएनबी असतो त्याला वीज ट्यूनरकडूनच, त्याच केबलमधून जाते. उभ्या ध्रुवणासाठी (उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींसाठी) १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८ व्होल्ट. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टवर जेमतेम अडीच वॅट देतं. म्हणून उपग्रहाच्या चांगल्या यूएसबी ट्यूनरसोबत १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर येतो. ॲडॅप्टर नसलेली कांडी कुणी ‘सॅटेलाइट ट्यूनर’ म्हणून विकत असेल तर एलएनबीला वीज कुठून मिळणार, हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की पुढच्या दुकानात जा.

तिसरं, ब्लाइंड स्कॅन. फ्री डिशवर वाहिन्यांचा लिलाव होतो, वाहिन्या येतात-जातात, फ्रिक्वेन्सी बदलतात. ज्या ट्यूनरला ब्लाइंड स्कॅन येतं तो आकडे न देता उपग्रहाच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी चाळतो. नाहीतर दर वेळी नवे आकडे हाताने भरत बसावं लागतं.

चौथं, ड्रायव्हर. विंडोज १० किंवा ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आजही उतरवता येतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः पाहा. लिनक्सवर चालवणार असाल तर टीबीएस आणि डीव्हीबीस्काय या कंपन्यांची कार्डं चालतात, पण टीबीएसचा ड्रायव्हर बऱ्याचदा स्वतः बांधून घ्यावा लागतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदललं की पुन्हा तेच काम. ज्याला टर्मिनलची भीती वाटते त्याने विंडोजवरच राहावं.

यूएसबी घ्यायचा की आतलं कार्ड? लॅपटॉप असेल तर पर्याय नाही, यूएसबीच. टीबीएस ५९२७ हा या वर्गातला माझ्या पसंतीचा, ब्लाइंड स्कॅन आणि ॲडॅप्टरसकट. डीव्हीबीस्काय एस९६० हा दुसरा. डेस्कटॉपमध्ये छोटी पीसीआय एक्सप्रेस खाच मोकळी असेल तर टीबीएस ६९०३ सारखं दोन ट्यूनरचं कार्ड बसवता येतं. आतल्या कार्डाला यूएसबीची वायर ओढली जाण्याचा धोका नाही आणि दोन वेगळ्या ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहावरचं, वाहिन्यांचा एकेक गठ्ठा पाठवणारं यंत्र) कार्यक्रम एकाच वेळी साठवता येतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. ट्यूनर वाहिनी पकडत नाही, ट्रान्सपाँडर पकडतो. एका ट्रान्सपाँडरवर अनेक वाहिन्या एकत्र येतात आणि एकच ट्यूनर त्या सगळ्या एका वेळी साठवू शकतो. भाचीच्या वाहिनीसोबत त्याच ट्रान्सपाँडरवरची दुसऱ्या इयत्तेची वाहिनी शेजारच्या मुलासाठी आम्ही एकाच ट्यूनरवर साठवतो. त्यामुळे दोन ट्यूनरचे पैसे घालण्याआधी तुमच्या आवडीच्या वाहिन्या कोणत्या ट्रान्सपाँडरवर आहेत ते पाहा. कदाचित एकातच भागेल.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये डिश, एलएनबी, केबल, कनेक्टर सगळं मिळतं, ते तिथूनच घ्यावं, हाताळून. उपग्रहाचा ट्यूनर मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून परत घेण्याची मुदत वाचून ठेवा आणि आधी डिश लावून तयार ठेवा. नाहीतर डिश लागेपर्यंत मुदत संपते.

संगणकाबद्दल फार काळजी नको. एचडी चित्र १९२० बाय १०८० आणि एच.२६४ पद्धतीचं असतं. २०११ नंतरच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ते उलगडणारा भाग बहुतेक वेळा आतच असतो. फक्त हे चित्र विणलेल्या ओळींचं, म्हणजे इंटरलेस्ड असल्यामुळे क्रिकेटमध्ये चेंडूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘याडिफ २एक्स’ निवडा.

चौथी पायरी: गच्ची

सगळं यश या पायरीवर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. साठ सेंटिमीटरची ऑफसेट डिश (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) पुरते, पण पावसाळ्यात चित्र टिकवायचं असेल तर पाऊणशे सेंटिमीटरची घ्या. एलएनबी ‘युनिव्हर्सल’ आणि त्यावर ९७५०/१०६०० छापलेलं हवं. जुन्या खासगी डीटीएचची डिश पडून असेल तर वाटी वापरा, पण दिशा बदलावीच लागेल. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर, एअरटेलचे १०८.२ वर आहेत.

जळगावातून जीसॅट-१५ कडे पाहायचं तर उत्तरेपासून उजवीकडे मोजत सुमारे १३८ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय दिशा, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. धुळे, नंदुरबारला दिशा सुमारे १३६ आणि उंची ५७ च्या आसपास. फोनमधला होकायंत्र पुरतो, पण लोखंडी सळया आणि पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून दूर उभं राहून पाहा. ऑफसेट डिशमध्ये एक फसवणूक असते: ती दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश जास्त वर पाहते. म्हणून ५८ अंशांवर पाहणारी डिश डोळ्यांना खूप कमी कललेली वाटते. नवखा माणूस तिला आभाळाकडे तोंड करून ठेवतो आणि दिवस घालवतो. कंसावर अंशांचे आकडे असतील तर त्यावरच भरवसा ठेवा.

आडोसा आहे का, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती सूर्याने दिली आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून पाहता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशच्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी. निंबाची किंवा शेजारच्या मजल्याची सावली असेल तर जागा बदला. याच दिवसांत रोज काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्याचा गोंगाट एलएनबीत शिरतो. तेव्हा डिश हलवू नका, आपोआप येतं.

एलएनबीही थोडा फिरवावा लागतो. आपल्याकडून हा उपग्रह पूर्वेला कलता असल्यामुळे त्याचा कल सुमारे ३९ अंश येतो. तो फिरवताना संगणकावर ‘स्ट्रेंग्थ’ नव्हे, ‘क्वालिटी’ किंवा डेसिबलचा आकडा पाहा. स्ट्रेंग्थ तर डिश भिंतीकडे असतानाही दिसते, ती नुसती एलएनबीची हजेरी. एचडी वाहिन्यांच्या पद्धतीत साधारण सहा ते आठ डेसिबलखाली चित्र तुटतं, म्हणून कोरड्या दिवशी दहाच्या वर आकडा मिळेपर्यंत केसभर केसभर सरकवत राहा. वरच्या या शिल्लकीवरच आषाढात चित्र टिकतं. एक जण गच्चीवर, एक जण खाली आणि मध्ये फोन, असं दोघांनी करायचं काम आहे.

केबल आरजी-६ घ्या. पंचवीस-तीस मीटरपर्यंत अडचण येत नाही. एफ कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एकही केस मधल्या तांब्याच्या तारेला लागता कामा नये. लागला तर ट्यूनरचा वीजपुरवठा शॉर्ट होतो. म्हणूनच केबल जोडताना-काढताना ॲडॅप्टर बंद ठेवा, संगणक बंद ठेवा. आणि खालच्या डब्यालाही तीच डिश द्यायची असेल तर स्वस्त स्प्लिटर लावू नका. डबा १८ व्होल्ट मागतो तेव्हा ट्यूनरचं १३ व्होल्टचं काम बिघडतं. दोन तोंडांचा एलएनबी घेऊन दोन केबल ओढा.

धाब्याचं घर असेल तर धाब्याला भोक पाडू नका, पावसाळ्यात ते घर गळवील. भिंतीवरचा कंस लावा, किंवा लोखंडी चौकट करून तिच्यावर दगड रचा.

पाचवी पायरी: वाहिन्या शोधणं आणि साठवणं

विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर मोफत आहे, प्रोगडीव्हीबी आणि डीव्हीबीव्ह्यूअर हेही चांगले. लिनक्सवर टीव्हीहेडएंडसारखं दुसरं काही नाही, जोडीला पाहण्यासाठी कोडी हा प्रोग्रॅम. कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उपग्रह ९३.५ पूर्व आणि एलएनबी युनिव्हर्सल निवडा. फ्री डिशच्या फ्रिक्वेन्सी ११७०० मेगाहर्ट्झच्या खाली असल्यामुळे खालच्या पट्ट्याचंच काम पडतं, वरच्या पट्ट्यासाठी लागणारा २२ किलोहर्ट्झचा संकेत बंद राहतो. याच उपग्रहावर सन डायरेक्टही आहे, त्यामुळे स्कॅनमध्ये कुलपाचं चिन्ह असलेल्या वाहिन्यांची रांग दिसेल. त्या यादीतून काढून टाका. ‘फक्त मोफत वाहिन्या’ असा पर्याय असेल तर आधीच लावा.

जागेचा हिशेब असा: सेकंदाला आठ मेगाबिटने येणारी एचडी वाहिनी तासाला सुमारे ३.६ जीबी घेते. साधी वाहिनी याच्या निम्म्याहूनही कमी. एक टीबीच्या डिस्कवर अडीचशे तासांहून जास्त एचडी मावतं. साठवण विंडोजच्या डिस्कवर करू नका, वेगळी ठेवा. वेळ लावताना आधी दोन आणि नंतर पाच मिनिटं जादा धरा, दूरदर्शनवर कार्यक्रम पुढे-मागे सरकतात. आणि संगणक झोपी जाणार नाही याची सेटिंग तपासा. भाचीचे पहिले तीन पाठ त्यामुळेच हुकले होते.

टीव्हीहेडएंड एका जुन्या संगणकावर गच्चीच्या खोलीत चालू ठेवला की घरातला प्रत्येक फोन वायफायवरून त्याला विचारून चित्र घेतो. यात इंटरनेट खर्च होत नाही. ताईच्या स्वयंपाकघरात आता भाकरी थापता थापता सह्याद्री चालतं.

उन्हाळा आणि वळीव

आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. यूएसबी ट्यूनर आधीच गरम चालतो. त्याला संगणकाच्या मागच्या फटीत कोंबू नका, मोकळ्या जागी उभा ठेवा, लहान पंखा मिळाला तर उत्तम. गरम झालेला ट्यूनर दुपारी अचानक ‘सापडत नाही’ असं दाखवतो आणि रात्री सुरळीत चालतो. ते ड्रायव्हरचं दुखणं समजून संगणक फॉरमॅट करू नका.

वीज ये-जा करते तिथे ट्यूनरचा ॲडॅप्टरही यूपीएसवरच लावा, नुसता संगणक नव्हे. नाहीतर संगणक चालू राहतो, ट्यूनर मरतो आणि साठवण अर्धवट तुटते.

मे-जूनच्या वळिवात ढग दाटायला लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, गच्चीवरून येणारी केबल ट्यूनरपासून सोडवून ठेवा, वरच्या क्रमाने, आधी वीज बंद करून. डिशच्या खांबाला आर्थिंग द्या. गच्चीवरच्या कनेक्टरवर रबरी टोपण चढवा, वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि केबलला कनेक्टरआधी खाली लोंबणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही.